दुबईच्या विमानतळावर कोणीच पुकारत नाही; एकट्याने विमान बदलणाऱ्या बाईमाणसाने काय करावे?

भुसावळचे गार्ड

नमस्कार.

मी भुसावळचा. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात ३४ वर्षे, आधी मालगाड्यांवर आणि पुढे मेल-एक्स्प्रेसवर, गार्ड म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. (जानेवारी २०२२ पासून रेल्वेने या पदाचे नाव ट्रेन मॅनेजर केले, परंतु मी त्याआधीच झेंड्या जमा केल्यामुळे गल्लीत अजून गार्डसाहेबच आहे.) गेल्या वर्षी जर्मनीत हॅम्बुर्गला असलेल्या मुलीकडे एकटा गेलो, तेव्हा दुबईला विमान बदलावे लागले. माझ्या आयुष्यातला तो पहिला परदेशी विमानतळ. त्याविषयी जरा सविस्तर लिहितो आणि मग प्रश्न विचारतो, कारण प्रश्न माझा नसून माझ्या सौभाग्यवतीचा आहे.

दुबईचे विमानतळ म्हटले की लोक सोन्याची दुकाने आणि चकचकीत फरशा यांचे वर्णन करतात. मला त्याचे अप्रूप वाटले नाही असे म्हणणे खोटे ठरेल; ज्या लिफ्टने आम्ही वर गेलो ती आमच्या रेल्वे क्वार्टरच्या पुढच्या खोलीहून मोठी होती. परंतु मनात राहिली ती तेथील शांतता. पहाटेची वेळ, हजारो माणसे, कोणी पेटीवर डोके टेकून झोपलेले, कोणी लेकराला खांद्यावर टाकून धावणारे, आणि तरीही कोठेही पुकारा नाही. ज्याची हयात भुसावळ जंक्शनवर गेली, जेथे मुंबईहून आलेली एक वाट नागपूरकडे आणि दुसरी खंडव्याकडे फुटते, त्याच्या कानाला ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ची इतकी सवय असते की तो आवाज बंद झाला तर गाड्याच बंद पडल्या असे त्याला वाटते. मला तसेच वाटले.

मुंबईला दोन्ही बोर्डिंग पास मिळाले होते. दुसऱ्यावर ‘बी’ अक्षराचे गेट छापलेले होते. मी तपासणी उरकून सरळ त्या गेटसमोर जाऊन बसलो आणि आपले विमान पुकारले की उठायचे, असे मनाशी ठरवले. मुलीने फोनवर दहादा बजावले होते की फलक पाहत राहा. पण फलक पाहणे हे ज्याला ऐकू येत नाही त्याचे काम, अशी माझी समजूत. विमान साडेआठला सुटायचे होते. बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तेव्हा मनगटावरच्या घड्याळात ८ वाजून २५ मिनिटे झाली होती, आणि समोरच्या गेटवर हॅम्बुर्गऐवजी दुसऱ्याच कोणत्या तरी शहराचे नाव होते.

त्या क्षणी माझ्या पायांतले बळ गेले. धावत मोठ्या फलकापाशी गेलो. आधी सगळी अक्षरे अरबी दिसली, काही सेकंदांनी इंग्रजी आली, आणि तेव्हा दिसले की आमच्या विमानाचे गेट बदलून ‘ए’ मध्ये गेले आहे. त्याच फलकाच्या कोपऱ्यात वेळ होती ६ वाजून ५५ मिनिटे. दुबईचे घड्याळ आपल्याहून दीड तास मागे असते, आणि जन्मभर प्रत्येक स्टेशनची वेळ मिनिटामिनिटाने लिहिणाऱ्या या गार्डाने आपले घड्याळ मागे घेतलेच नव्हते! घड्याळ चुकले म्हणून मी घाबरलो, आणि घाबरलो म्हणून वेळेवर उठलो. घड्याळ बरोबर असते तर ‘अजून पुष्कळ अवकाश आहे’ म्हणत तेथेच बसून राहिलो असतो.

‘ए’ विभागाकडे जायला आतल्या आतच एक छोटी रेल्वे आहे. सवयीने मी शेवटच्या डब्यात चढलो. दारे आपोआप मिटली, गाडी निघाली, आणि पाहतो तर पुढे ड्रायव्हर नाही नि मागे गार्ड नाही. त्या दोन-तीन मिनिटांत माझ्या मनात जे आले ते माझ्या खात्यातल्या मंडळींनाच समजेल.

आता मूळ मुद्दा. मुलगी गरोदर आहे आणि पुढच्या दोन महिन्यांत तिच्या बाळंतपणासाठी आईने जायचे ठरले आहे. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याच सुमारास असल्याने तिला एकटीनेच जावे लागेल. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे, मराठी आणि हिंदी नीट वाचते, इंग्रजी अक्षरे ओळखते पण सावकाश. वर लिहिलेली हकीकत मी तिला मोठ्या हौसेने सांगितली, ती ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारले, “तठे कोनी पुकारत नही, मंग माले कोन सांगी?” या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. जन्मभर कानाने प्रवास केलेल्या माणसाला डोळ्यांनी प्रवास करायला कसे शिकवावे, हे ज्यांनी स्वतः किंवा आपल्या आई-वडिलांच्या बाबतीत अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

अमळनेर ते दुबई

काका, नमस्कार. मी मूळचा अमळनेरचा, गेली ११ वर्षे दुबईत नोकरीला आहे आणि वर्षातून तीन-चार वेळा तरी कोणाच्या ना कोणाच्या आई-वडिलांना फोनवरून या विमानतळातून पार करून देतो, त्यामुळे आपला प्रश्न माझ्या रोजच्या परिचयाचा आहे.

आधी शांततेविषयी. ही शांतता मुद्दाम ठेवलेली आहे. २०१८ च्या सुरुवातीपासून येथे प्रत्येक विमानाचा आणि शेवटच्या क्षणी राहिलेल्या प्रवाशांचा पुकारा संपूर्ण टर्मिनलभर करणे बंद झाले. आणीबाणीसारखे काही असेल तरच आवाज येतो. कारण सरळ आहे. २०२४ साली या विमानतळावरून ९ कोटी २३ लाख प्रवासी गेले, म्हणजे दिवसाला सरासरी अडीच लाख. एवढी विमाने निरनिराळ्या भाषांत पुकारायची ठरवली तर पुकारा अखंड चालू राहील आणि त्यातला एकही शब्द कोणाला ऐकू येणार नाही. गेटजवळचा कर्मचारी त्याच्या माईकवरून बोलतो, पण तो आवाज त्या गेटपुरता. आपण दुसऱ्याच गेटवर बसलेलो असलो तर तो कानावर पडण्याचा संबंधच नाही.

काकूंना शहराचे नाव शोधायला सांगू नये, हा माझा आग्रह आहे. नाव अरबीत बदलते, एका शहराला दिवसातून एकाहून अधिक विमाने असू शकतात, आणि सावकाश वाचणाऱ्याला फलक बदलण्याआधी ते पुरे वाचता येत नाही. त्याऐवजी विमानाचा क्रमांक एका पुठ्ठ्यावर ठळक लिहून गळ्यात अडकवावा. आकडे अरबी फलकावरही आपण ओळखतो तेच असतात. पुठ्ठ्यावरचा आकडा फलकावरच्या आकड्याशी जुळवायचा आणि त्याच ओळीत शेवटी जे अक्षर आणि क्रमांक असेल ते गेट, एवढेच काम. बसच्या पाट्या वाचता येत नसताना माझी आजी नंबर पाहूनच अमळनेरहून धुळ्याला जात असे. त्याच ओळीत ‘बोर्डिंग’, मग ‘फायनल कॉल’ असे शब्द उमटतात. शेवटची हाकसुद्धा येथे लिहूनच दिली जाते, हे काकूंना अवश्य सांगावे. विमान सुटण्याच्या साधारण २० मिनिटे आधी गेट बंद होते, त्यामुळे सुटण्याची वेळ लक्षात ठेवूच नये. पासवरची बोर्डिंगची वेळ तेवढी लक्षात ठेवावी.

विमानातून उतरल्यावर पहिल्याच वळणावर लोक दोन दिशांना फुटतात. काही ‘अरायव्हल्स’कडे म्हणजे दुबईत बाहेर पडायला जातात, बाकीचे ‘कनेक्शन्स’कडे. आपली बहुतेक माणसे येथे चुकतात, कारण शेजारच्या सीटवरचे गृहस्थ जिकडे गेले तिकडे ती जातात, आणि ते गृहस्थ शारजाला कामावर निघालेले असतात. ‘कनेक्शन्स’च्या वाटेवर पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी होते. मुंबईच्या तपासणीनंतर विकत घेतलेली पाण्याची बाटलीसुद्धा तेथे टाकावी लागते, याचे वाईट वाटून घेऊ नये.

राहिले ‘माले कोन सांगी’. कोणीही सांगेल! दुकानातला, साफसफाईचा, व्हीलचेअर ढकलणारा, यांतला निम्म्याहून अधिक वर्ग भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश इकडचा आहे आणि हिंदीत विचारले तर हिंदीत उत्तर मिळते. फक्त आपण होऊन कोणी येत नाही, विचारावे लागते.

देवपूरची मावशी, धुळे

गार्डभाऊ, मी सेवानिवृत्त शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी सुनेच्या बाळंतपणासाठी अबुधाबीमार्गे शिकागोला एकटी गेले होते, तेव्हा वयाची ६३ वर्षे पूर्ण झाली होती.

मला विमानतळाची शांतता जाणवली नाही, कारण माझ्या कानात माझ्याच छातीचे ठोके वाजत होते. अबुधाबीला मात्र एक चमत्कारिक गोष्ट झाली. अमेरिकेचे इमिग्रेशन अमेरिकेत उतरल्यावर होणार, या समजुतीने मी निवांत होते. प्रत्यक्षात २०१४ पासून ते अबुधाबीतच उरकले जाते, आणि विमानात बसण्याआधीच अमेरिकन गणवेशातला अधिकारी समोर उभा राहतो. त्याने आपल्या समोरचा पडदा माझ्याकडे वळवला तर त्यावर माझ्या पेटीचे छायाचित्र! पेटीला ओळखीसाठी बांधलेली गुढीपाडव्याच्या साखरगाठीची लाल दोरीसुद्धा स्पष्ट दिसत होती. “ही आपलीच ना, यात खाण्याचे काय आहे?” एवढे त्याने विचारले. मी म्हणाले, “पापड.” होते बिबडे, पण ज्वारीच्या बिबड्यांना इंग्रजीत काय म्हणतात हे तेव्हाही मला माहीत नव्हते आणि आजही नाही. शिकागोला उतरल्यावर मी मुंबईहून पुण्याला गेल्यासारखी सरळ बाहेर आले. वहिनींना हॅम्बुर्गला जायचे असल्याने हे लागू नाही, पण रांग पाहून ‘येथे कशाला’ असे वाटले तरी उभे राहावे, यासाठी लिहिले.

मला त्याहून मोठी काळजी त्यांच्या पेटीची वाटते. बाळंतपणाला निघालेली खान्देशी आई काळा मसाला नेल्याशिवाय राहणार नाही, आणि आपल्या मसाल्यात खोबरे आणि खसखस दोन्ही असतात. खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी घातलेल्या वस्तूंमध्ये आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. सामान परस्पर पुढे जात असले तरी ही जोखीम घेऊच नये. सुक्या खोबऱ्याचे कारण निराळे आहे. त्यात तेल इतके असते की ते आपल्या आपण तापून पेट घेऊ शकते, म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत खोबरे यूएन १३६३ या क्रमांकाखाली धोकादायक मालात येते. आपण मालगाड्यांवर होतात, त्यामुळे धोकादायक मालाच्या वाघिणी कशा वेगळ्या ठेवतात हे मी आपल्याला सांगायला नको. मला हे माहीत नव्हते, आणि मुंबईलाच पेटी उघडून दोन वाट्या खोबरे काढून ठेवावे लागले.

व्हीलचेअर जरूर मागून घ्या. परतीच्या वेळी एका विमानतळावर (नाव घेण्याचे कारण नाही) आम्हा सात-आठ म्हाताऱ्या-कोताऱ्यांना खुर्च्यांसकट भिंतीला ओळीने लावून कर्मचारी जो गेला तो पाऊण तासाने परतला, आणि त्या वेळात कोणाला स्वच्छतागृहात जायचे असले तरी उठावे की नाही हे कळेना. तरीसुद्धा त्याने मला गेटपर्यंत नेले, आणि गेट बदलले होते ते त्याला माझ्याआधी ठाऊक होते. वहिनींच्या प्रश्नाचे ते एक उत्तर आहे.

तिकीटवाला, जळगाव

तिकिटे काढून देणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून मावशींशी थोडा मतभेद नोंदवतो. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी केवळ भाषेच्या भीतीने व्हीलचेअर मागितली की ज्यांना खरोखर चालता येत नाही त्यांना ती वेळेवर मिळत नाही. मावशींना पाऊण तास भिंतीला बसावे लागले त्याचे एक कारण हेच असू शकते. विमान कंपनीला ‘प्रवासी एकटा, इंग्रजी येत नाही, वाट दाखवावी’ असे सांगून सोबतीची विनंती तिकीट काढतानाच करता येते का ते आधी विचारावे.

दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असली पाहिजेत, स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटे अजिबात घेऊ नयेत. पेटी देताना काउंटरवर मिळणाऱ्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर शेवटचे तीन अक्षरी चिन्ह हॅम्बुर्गचे आहे ना, हे तेथेच उभे राहून पाहावे.

रावेरचा, मुक्काम हॅनोव्हर

गार्डकाका, मी रावेर तालुक्यातला, केळीवाल्याच्या घरचा, सध्या हॅम्बुर्गपासून गाडीने दीड-दोन तासांवर राहतो. जर्मनीच्या बाजूचे सांगतो.

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ आणता येत नाहीत. तुपाचा डबा, पेढे, खवा, पनीर हे सगळे त्यात आले. माझ्या आईने डिंक, खारीक, मेथ्या असा कोरडा शिधा आणला आणि लाडू येथे वळले. येथल्या लोण्याचे तूप उत्तम कढते, हे तिचेच मत आहे. ताज्या फळभाज्यांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून भरताची वांगी आणि कढीपत्ता आणू नये. या नियमातून सुटलेली फळे पाचच आहेत : अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि केळी. म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या भरताच्या वांग्याला येथे दाखल्याशिवाय प्रवेश नाही आणि जळगावच्याच केळीला आहे. हे वाचून आमच्या घरी जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही, पण पेटीत केळीचे काय होते हे मी एकदा पाहिले आहे, तेव्हा आणू नयेत.

हॅम्बुर्गला अधिकारी विचारतो की कशासाठी आलात, कोणाकडे, परत कधी. मुलीचे निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट आणि ३०,००० युरोंच्या विम्याचा कागद पेटीत न ठेवता हातातल्या पिशवीत असावा. व्हिसावर मुक्कामाचे जेवढे दिवस लिहिले असतील तेवढेच. फार तर १८० दिवसांत ९० धरावेत, त्यामुळे बाळंतपणाच्या तारखेच्या फार आधी येऊ नये. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. काकूंच्या बोटांना मेंदी नसेल तर बरे, ठसे पटकन उमटतात असा माझ्या आईचा अनुभव आहे.

भुसावळचे गार्ड

सर्वांचे मनापासून आभार. आपण दिलेले सर्व सौभाग्यवतीला मोठ्याने वाचून दाखवले.

काल संध्याकाळी एक प्रयोग केला. पुठ्ठ्यावर एका गाडीचा पाच आकडी नंबर लिहून तिच्या गळ्यात अडकवला, कानांत कापसाचे बोळे घालायला लावले आणि तिला भुसावळ स्टेशनावर नेऊन म्हणालो, की मी दहा पावले मागून येईन, एक शब्द बोलणार नाही, ही गाडी कोणत्या फलाटावर येते ते फलक पाहून शोध आणि तेथे जाऊन उभी राहा. पहिल्या फलकापाशी ती बराच वेळ थांबली. ओळी सरकत होत्या आणि तिची नजर त्यांच्यामागे धावत होती. दुसऱ्यांदा ओळी आल्या तेव्हा तिने पुठ्ठा हातात धरून एकेक आकडा बोटाने जुळवला, आणि मग माझ्याकडे न पाहता पुलाचा दादरा चढली. फलाट बरोबर होता.

परत येताना मी परीक्षकाच्या थाटात विचारले, की समजा तेथे फलकच बंद असला तर काय करशील? तिने कापूस काढून प्रश्न पुन्हा विचारायला लावला आणि म्हणाली, “मंग मी इचारसू.” अमळनेरच्या दादांनी लिहिलेले मी वाचून दाखवले त्याच्या आधीपासून तिला हेच म्हणायचे होते, असेही तिने ऐकवले. सोबतीची विनंती करायची असे ठरले आहे, व्हीलचेअर नको. घड्याळ दुबईला उतरल्यावर दीड तास मागे घ्यायचे, हे मात्र पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला मी माझ्या हाताने लिहिले आहे.

मसाला नव्याने करावा लागणार. खसखस आणि खोबरे घातलेला तीन किलो गेल्या आठवड्यातच कुटून झाला होता, तो आता आम्हा दोघांना आणि शेजाऱ्यांना पुरेल.